मुक्ता गेली

प्रभाचं लग्न मी जमवलं होतं, म्हणून काय घडलं ते सांगायची जबाबदारीही माझीच.

एकोणऐंशी सालची गोष्ट. मी कुवेतमध्ये, रुमैथियातल्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करत होते. माझे यजमान लक्ष्मीकांत एका मोठ्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. प्रभा त्याच हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. साताऱ्याची, बत्तीस वर्षांची. वडील लवकर गेले, पाठच्या तीन भावंडांचं करता करता तिचं स्वतःचं राहून गेलं होतं. आणि जगन्नाथ धुरी एक्स-रे विभागात. देवगडच्या बाजूचा, आंबेखोल गावचा. बोलायला थोडा, कामाला चोख. मला वहिनी म्हणायचा.

जगन्नाथ विधुर होता. ते सगळं लक्ष्मीकांतनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पंच्याहत्तर साली जगन्नाथ बनेद अल-गारला चार जणांच्या खोलीत राहायचा. बायको, मुक्ता, गावी सासरी, सातव्या महिन्यात. ऑगस्टमध्ये त्याला थोरल्या भावाची, शत्रुघ्नची, तार आली. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. मुक्ता गेली. तू येऊ नकोस. पत्र पाठवतो. एवढंच.

सातव्या महिन्यातली बाई गेली म्हटल्यावर कुणाला काय वाटणार? खोलीतल्या लोकांनी त्याला धरून बसवलं. तो रडलाही नाही म्हणे, नुसती तार उलटी-सुलटी करत राहिला. नंतर त्यानं डोकं भादरलं. तेराव्याला भटजी कुठून आणणार, तर लक्ष्मीकांतनं आठवेल तेवढं सांगितलं आणि त्यानं पिंड ठेवले. पत्र आलं महिन्यानं. झालं त्याला इलाज नाही, तिचं नाव आता या घरात काढायचं नाही, आई खचली आहे, तू नोकरी टाकून येऊ नकोस. त्या खोलीत त्याला झोप येईना, म्हणून तो हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेला. गावी मात्र गेला नाही. रजा आली की म्हणायचा, "वहिनी, त्या घरात पाऊल टाकवत नाही."

तीन वर्षं अशी गेल्यावर मी प्रभाचा विषय काढला. दोघांनीही आढेवेढे घेतले नाहीत. मे महिन्यात रजा काढून मुंबईत नोंदणीनं लग्न करायचं ठरलं. त्याला पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला लागत होता. जगन्नाथनं भावाला दोनदा लिहिलं. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं, की ग्रामपंचायतीचं जुनं दफ्तर वाळवीनं खाल्लं, दाखल्याच्या नादी लागू नकोस, भटजी बोलाव आणि उरकून घे. मी ते पत्र वाचलं होतं. मला वाटलं, खेडेगावातला कारभार, असाच असायचा.

फेब्रुवारीत आम्ही तंबू ठोकायला वाळवंटात गेलो.

थंडीच्या दिवसांत कुवेती लोक आठवडेच्या आठवडे शहराबाहेर तंबूत जाऊन राहतात. आमच्या दवाखान्यातली हेडक्लार्क आमिना दर वर्षी मला चिडवायची, तुम्ही लोक घराच्या भिंती बघत बसता म्हणून. त्या वर्षी तिनं घरचे दोन मोठे तंबूच देऊ केले. तिच्या भावाची अम्गऱ्याला लाकडाची वखार होती. तंबूचे खांब तिथून दुरुस्त होऊन येणार होते, आणि ते उभे करायला वखारीतला सुतार. "तुमच्याच मुलखातला आहे," ती म्हणाली.

आम्ही बावीस माणसं होतो. डॉक्टर, नर्सेस, टेक्निशियन आणि पाच-सहा मुलं. गुरुवारी अर्ध्या दिवसाची ड्युटी संपवून हॉस्पिटलच्या बसनं निघालो. जहरा गाव मागं टाकलं, पुढं टेकड्यांची रांग दिसू लागली, आणि तिच्या पायथ्याशी ड्रायव्हरनं आम्हाला उतरवलं. शुक्रवारी दुपारी न्यायला येतो म्हणून तो गेला. वखारीची पिकअपही तंबू आणि सुतार उतरवून परतली. मग आमच्याजवळ गाडी अशी एकही राहिली नाही. मोकळ्या रानात आम्ही, पाण्याची दोन पिंपं आणि भांड्यांची पोती.

जानेवारीत पाऊस झालेला होता. वाळूवर हिरवी लव आली होती, बारीक पिवळी फुलं होती. झाड मात्र क्षितिजापर्यंत एक नव्हतं. मुलं फगा शोधायला धावली. पावसानंतर जमिनीखाली बटाट्यासारखी ती अळंबी फुगते आणि वरची माती तडकते, तिथं उकरायचं.

सुताराचं नाव सखाराम. पन्नाशीला आलेला, काटक, डोक्याला टॉवेल. कुवेतला येऊन त्याला आठ महिने झाले होते. वाळूत खुंट्या धरत नाहीत हे आमच्या पुरुषांना दोनदा पडल्यावर कळलं. सखारामनं न बोलता रिकामी पोती मागितली, त्यांत वाळू भरली, दोराची टोकं पोत्यांना बांधली आणि पोती खड्ड्यांत पुरली. एक तंबू असा पक्का उभा राहिला. दुसऱ्याचा मधला खांब धरायला जगन्नाथ पुढं झाला.

मी आणि प्रभा जवळच चटईवर होतो. मी तांदूळ निवडत होते, ती कांदे चिरत होती. आमच्यातले एक डॉक्टर हसत म्हणाले, "सखाराम, जपून हो, नवरदेव आहेत ते. मेमध्ये लग्नाला उभे राहायचेत."

सखारामही हसला. दोर ओढता ओढता त्यानं जगन्नाथला विचारलं, "खंयचे तुम्ही?"

"देवगडकडचा. आंबेखोल."

"आंबेखोल? मगे आमच्या मुक्ताचा सासर ता. धुऱ्यांकडे दिलेला."

जगन्नाथ कुवेतमध्ये आमच्यासारखंच मराठी बोलायचा. गावची बोली त्याच्या तोंडून मी तोवर ऐकली नव्हती. तो म्हणाला, "खंयची मुक्ता?"

"सडेवाडीची. भिकाजी लाडाचा चेडू. माझ्या शेजारचाच घर." सखारामचं लक्ष दोरात होतं. "बरा पोर. वाडयेत बालवाडी चालयता आता. पण नशीब बघा. घोव हंयच खंय कुवेतात आसा म्हणतत. तेना हंय दुसरा लगीन केल्यान. परत बघूक इलो नाय. पोटच्या पोराचा तोंड सुद्धा बघूक नाय."

मी मान वर केली. प्रभाची सुरी थांबली होती.

जगन्नाथनं खांब सोडला. मुद्दाम नाही, हातातलं बळच गेलं असावं. खांब कलला आणि कापडाचा तो सगळा डोंगर हळूहळू खाली बसला, त्या दोघांच्या अंगावर. मुलं खिदळली. डॉक्टरही हसत हसत पुढं झाले. पण कापडाखालून कुणी बाहेर येईना. आतून नुसता जगन्नाथचा आवाज यायला लागला, घोगरा, एकाच पट्टीतला.

"ता मेला. चार वर्षा होत इली. मी तेचा तेरावा घातलंय. ऐकलंस? मी तेचा तेरावा घातलंय."

लक्ष्मीकांतनं आणि आणखी दोघांनी कापड उचललं. जगन्नाथ गुडघ्यांवर बसला होता आणि सखारामच्या सदऱ्याची गळपट्टी त्याच्या दोन्ही मुठींत होती. सखाराम सुटायची धडपड करत नव्हता. तो नुसता जगन्नाथच्या तोंडाकडं बघत होता. आपण कुणापुढं काय बोललो हे तेव्हा त्याच्या ध्यानात येत असावं.

"तुम्ही ते धुरी?" त्यानं विचारलं. "जगन्नाथ?"

मी प्रभाकडं बघायचं टाळलं, पण ती उठून उभी राहिलेली मला दिसली. तिनं पदराला हात पुसले, जाऊन त्या दोघांपाशी बसली आणि वॉर्डात नव्या पेशंटची माहिती घेतात त्या आवाजात विचारू लागली.

"सखारामकाका, माझ्याकडं बघा. या मुक्ताला तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"जूनात. हंय येवच्या आदल्या दिवशी. तेच्या हातचो च्या पिऊन इलंय."

"वय काय तिचं?"

"सव्वीस-सत्तावीस असतला."

"आईचं नाव?"

"आनपूर्णा. ती म्हातारी पण आसा."

"ओळखू येईल अशी काही खूण?"

सखारामनं क्षणभर विचार केला. "डाव्या हाताची करंगळी. ल्हान असताना कोयतो लागलो. ती वळणा नाय."

जगन्नाथच्या मुठी सुटल्या. त्यानं हात आपल्याच मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसला.

प्रभानं पुढचा प्रश्न विचारला तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "आणि मूल?"

"चेडू. नवरात्रात झाला, मुक्ता माहेराक इल्यावर दोन महिन्यान. मालन म्हणतत."

"मालन," जगन्नाथ म्हणाला. मग आमच्याकडं बघून, जणू आम्हीच काही विचारलं होतं, असं म्हणाला, "मी लिहिलं होतं तिला. मुलगी झाली तर मालन ठेवू म्हणून. माझ्या आजीचं नाव."

सखारामनं मग जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, कारण मधे मधे तो जगन्नाथची क्षमा मागत होता. त्या पावसाळ्यात मुक्ताला सातवा लागला तरी सासू तिला कातळाचा सडा उतरून खालच्या विहिरीवरून पाणी आणायला लावायची. बाळंतपणाला माहेरी धाडा म्हणाली, तर शत्रुघ्न म्हणाला की आमच्या घरात तशी रीत नाही. दोनदा चक्कर येऊन पडली. मग एका दुपारी घरात सगळे झोपलेले असताना ती उठली आणि सात मैल चालत सडेवाडीला गेली. शत्रुघ्ननं चार माणसांसमोर सांगितलं, गेली ती गेली, आता आम्हाला मेली. आणि देवगडला जाऊन तार केली.

"मुक्ता गेली," लक्ष्मीकांत हळूच म्हणाला.

गेली हा शब्द मी जन्मभर दोन्ही अर्थांनी वापरत आले होते. सासू बाजारात गेली, सासू गेली.

मुक्तानं जगन्नाथला तीन पत्रं लिहिली होती. पत्ता तिच्याकडं होता तो बनेद अल-गारच्या खोलीचा. ती पत्रं पोचली तेव्हा तो तिथून निघून गेला होता, आणि खोलीत नवी माणसं आली होती. उत्तर आलं नाही. वर्षभरानं शत्रुघ्नचा निरोप आला, की त्यानं कुवेतमध्ये दुसरं लग्न केलं, आता वाट बघू नको. तिनं मग लिहिणं सोडलं.

"पण भावाला ठाऊक नसेल," मी म्हणाले. मला ते खरं असायला हवं होतं. "त्याला वाटलं असेल, जगन्नाथला कळलंय ती माहेरी गेली ते."

लक्ष्मीकांतनं मान हलवली. "तेरावं झाल्यावर यानं भावाला पत्र टाकलं होतं, शामला. माझ्यासमोर लिहिलं. डोकं भादरलं, पिंड ठेवले, सगळं."

म्हणजे शत्रुघ्नला कळलं होतं की धाकट्याचा समज काय झालाय. दोन ओळी लिहिल्या असत्या तर तो दूर झाला असता. त्या ओळी त्यानं साडेतीन वर्षं लिहिल्या नाहीत. दाखला मागितल्यावर वाळवीचं कारण लिहिलं. ते पत्र मी स्वतः वाचून परत पाकिटात घातलं होतं.

जगन्नाथ उठला आणि टेकड्यांच्या दिशेनं चालू लागला. रस्ता नव्हता, पायवाटही नव्हती, नुसतं समोर चालायचं. लक्ष्मीकांत काही अंतर ठेवून त्याच्या मागं गेला. त्या सपाट रानात ते दोघं दिसेनासे व्हायला अर्धा तास लागला असेल, आणि तोवर आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत उभे होतो. जायला दुसरी जागाच नव्हती. घर असतं तर प्रत्येकानं आपापलं दार लावून घेतलं असतं. इथं एक उभा तंबू, एक पडलेला, आणि उद्या दुपारपर्यंत बस नाही.

मुलांना भूक लागली होती. कुणीतरी स्टोव्ह पेटवला. सखाराम एकटाच पडलेल्या कापडाची घडी घालू लागला, मग डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या आणि बाकीचेही त्याच्या हाताखाली उभे राहिले. दुसरा तंबू उभा राहिला तो जरासा तिरका. तो सरळ करा असं कुणी म्हटलं नाही.

प्रभा परत चटईवर येऊन बसली होती. चिरलेले कांदे एका बाजूला, न चिरलेले एका बाजूला. सूर्य कलला होता आणि गारठा वाढत होता. मी शाल आणून तिच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "प्रभा, माझं चुकलं. मी चौकशी करायला हवी होती."

"कुणाकडं करणार होता, ताई? त्याच भावाकडं?"

ती कांद्याकडंच बघत होती.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "लक्ष्मीकांतभाऊजींनासुद्धा सांगू नका. त्यानं करंगळीचं सांगितलं ना, त्याच्या आधी मी काय विचार करत होते माहितेय? मी मनात म्हणत होते, याला काही खूण सांगता येऊ नये. ही कुणी दुसरी मुक्ता असू दे. ती मेलेलीच असू दे. अकरा वर्षं नर्सिंग करतेय मी. एकाही पेशंटबद्दल असं मनात आलं नाही कधी."

"माणूस आहेस तू," मी म्हणाले.

"हो ना. तेच म्हणतेय मी." तिनं सुरी उचलली आणि राहिलेले कांदे चिरायला घेतले. फोडी सारख्या पडत होत्या.

अंधार पडायच्या आत दोघं परत आले. जगन्नाथचं तोंड वाऱ्यानं काळवंडलं होतं. तो पाण्याच्या पिंपापाशी गेला, टमरेलभर पाणी तोंडावर मारलं आणि तिथंच उभा राहिला. प्रभा उठून त्याच्याकडं गेली. मी दहा पावलांवर भात उतरवत होते, तेव्हा ऐकू येणं टाळता आलं नाही.

तो म्हणाला, "मी तुम्हाला फसवलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"तिनं साडेतीन वर्षं मला काय काय म्हटलं असेल. आणि मी इथं तिचा फोटो लावून उदबत्ती ओवाळतोय." तो हसल्यासारखा आवाज आला, पण तो हसला नव्हता. "उद्या शहरात पोचलो की तार करतो."

"तार करू नका," प्रभा म्हणाली. "तारेत काय लिहाल? स्वतः जा. शनिवारी रजेचा अर्ज टाका. पासपोर्ट हॉस्पिटलच्या ऑफिसातून सोडवायला डॉक्टर मदत करतील, मी बोलते त्यांच्याशी."

"आणि तुम्ही?"

तिनं पिंपाचं झाकण लावलं. मग म्हणाली, "माझी शनिवारी दुपारची ड्युटी आहे."

ती चटईवर परत आली. जेवणं झाली. बावीस माणसं एकत्र जेवतायत आणि वाढणाऱ्याशिवाय कुणी बोलत नाही, असं मी फक्त सुतकाच्या घरात पाहिलं होतं. इथं तर उलट झालं होतं, मेलेलं माणूस जिवंत निघालं होतं. सखाराम आपलं ताट घेऊन लांब जाऊन बसला. जगन्नाथ त्याच्याजवळ जाऊन बसला आणि बराच वेळ दोघं त्यांच्या बोलीत हळू आवाजात बोलत होते. मधे मधे मालन हा शब्द कानावर यायचा.

सकाळी तंबूवर दव पडलं होतं आणि जगन्नाथ कधीच उठून दोर सोडत होता. बस यायला सहा तास होते तरी.

त्याला रजा मिळायला नऊ दिवस लागले. निघताना त्यानं आमच्याकडं येऊन जुनी तार दाखवली. पासपोर्टच्या कव्हरात ठेवली होती. "ही नेतो बरोबर," म्हणाला. "नाहीतर ती विश्वास का ठेवील?"

पुढचं त्यानं परत आल्यावर सांगितलं ते असं. सडेवाडीत तो पोचला तेव्हा मुक्ता देवळाच्या पडवीत पोरांना गाणी शिकवत होती. तिनं त्याला पाहिलं आणि खाली बसली. पोरं गाणं म्हणतच राहिली. मग तिचा पहिला प्रश्न, "दुसरी खंय आसा?" दुसरी नाही, हे त्यानं सांगितलं ते तिला पटेना. तार वाचून दाखवून तेराव्याचं सांगितलं तेव्हा तिनं ती हातात घेतली. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती, तरी बोट फिरवत बघत राहिली. मग तिनं सावकाश विचारलं, तेराव्याला जेवायला काय केलं होतं? त्यानं खरं ते सांगितलं, भात आणि डबाबंद मटार. त्यावर ती जी रडू लागली ती तिच्या आईला आवरेना.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. मालन त्याच्यापासून लपायची, बापूस म्हणायला तयार नव्हती. मुक्तानं त्याला घरात घेतलं नाही, आठ दिवस तो देवळाच्या पडवीतच झोपला. ती म्हणाली, तुझा दोष नाही हे मला कळतंय, पण साडेतीन वर्षं मी तुला शिव्या दिल्यात, त्या एका आठवड्यात कशा परत घेऊ? आंबेखोलला तो गेलाच नाही. रजा संपायच्या आदल्या दिवशी शत्रुघ्न स्वतः सडेवाडीला आला. जगन्नाथनं त्याला एवढंच विचारलं, की का? शत्रुघ्न म्हणाला, तू चिडून नोकरी टाकून आला असतास, घर उघडं पडलं असतं, आणि एकदा गप्प बसल्यावर मग सांगायचं कसं. हे सांगताना जगन्नाथ आमच्या सोफ्यावर बसला होता. मला वाटलं तो आता तरी संतापेल. तो म्हणाला, "वहिनी, तो खरंच घाबरलेला होता. मला त्याचाच जास्त धक्का बसला."

तो दर सहा महिन्यांनी सडेवाडीला जाऊ लागला. एक्क्याऐंशीत करार संपवून कायमचा गेला आणि देवगडला एक्स-रेचं छोटं दुकान टाकलं. तोवर मुक्तानं त्याला घरात घेतलं होतं.

त्र्याऐंशीच्या मेमध्ये आम्ही रजेवर असताना त्यांच्याकडं दोन दिवस राहिलो. मालन साडेसात वर्षांची, धिटुकली. मुक्ता बारीक चणीची, कमी बोलणारी. निघताना ती मला मागच्या दारी घेऊन गेली आणि विचारलं, "त्या बाई कशा आहेत? ज्यांनी यांना पाठवलं त्या?"

बऱ्या आहेत, मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? त्या चार वर्षांत मी प्रभाला दोन स्थळं सांगून पाहिली होती. पहिल्या वेळी ती नको म्हणाली, दुसऱ्या वेळी तिनं विषयच बदलला. ड्युटी चुकवली नाही, कुणाशी वाकडं बोलली नाही. आमच्याबरोबर तंबूत राहायला मात्र पुन्हा कधी आली नाही.

मुक्तानं माझ्या हातात आमसुलांची पुडी दिली, त्यांच्यासाठी म्हणून.

कुवेतला परतल्यावर मी ती प्रभाच्या क्वार्टरवर घेऊन गेले. ती ड्युटीवर जायच्या तयारीत होती, केसांना पिना लावत होती. पुडी कुणाची ते सांगितल्यावर तिनं ती हातात घेतली, वास घेतला आणि परत माझ्या पिशवीत ठेवली.

"तुमच्याकडंच राहू द्या, ताई. मला एकटीला कुठं एवढी लागतात." मग आरशातूनच म्हणाली, "मुलगी केवढी झाली?"

मी हात छातीपाशी धरून दाखवला. तिनं माझ्या हाताकडं नीट बघितलं, शेवटची पिन लावली, आणि आम्ही दोघी बरोबरच जिना उतरलो.